मूरवर फिरायला जाताना: चालण्याचा हक्क, पक्ष्यांचा हंगाम आणि कुत्र्याची लीश

मँचेस्टरमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मे महिन्यात भारतातून आईवडील येणार आहेत, त्यांना पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानातले मोकळे मूर, म्हणजे झुडपे-गवताने झाकलेले, जवळजवळ झाडे नसलेले उंच पठार, दाखवायचे आहे आणि घरातला दोन वर्षांचा कॉकर स्पॅनियलही सोबत असणार आहे. तिथे परवानगी किंवा तिकीट लागते का, वाट सोडून चालता येते का, कुत्र्याला मोकळे सोडता येईल का आणि दुपारी तिथेच बार्बेक्यू केले तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे. उत्तर इंग्लंडच्या या पठारांवर मी अनेक वर्षे लोकांचे गट घेऊन चालत आलो आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आधी थोडक्यात सांगतो. परवानगी आणि तिकीट लागत नाही. बऱ्याच ठिकाणी वाट सोडून चालता येते. मे महिन्यात कुत्र्याला मोकळे सोडू नये, आणि बार्बेक्यू तर वर्षातल्या कोणत्याही दिवशी करू नये. या चारही उत्तरांमागची कारणे समजून घेतली, तर पाटी नसलेल्या ठिकाणीही काय करायचे ते तुमचे तुम्हाला ठरवता येईल, म्हणून पुढचा विस्तार.

चालण्याचा हक्क इथल्या लोकांना सहज मिळालेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्यामधली बहुतेक मूर जमीनदारांनी ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेली होती आणि गिरणी-कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्या कामगारांना रविवारीही तिथे पाऊल टाकता येत नसे. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे तरुण, त्यांत वीस वर्षांचा बेनी रॉथमन अग्रभागी, हेफील्डहून निघून किंडर स्काउटच्या पठारावर बंदी मोडून चढले. रखवालदारांशी झटापट झाली, सहा जणांना अटक झाली आणि त्यांतल्या पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेच्या शिक्षा झाल्या. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले आणि २००० च्या ‘काउंट्रीसाइड अँड राइट्स ऑफ वे’ कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील नकाशावर निश्चित केलेल्या डोंगर, मूर, हीथ (झुडपांचे माळ) आणि डाउन (गवताळ टेकड्या) या प्रकारच्या जमिनींवर, तसेच नोंदणीकृत सामाईक जमिनींवर, सर्वांना पायी फिरण्याचा हक्क दिला. २००२ मध्ये, त्या घटनेला सत्तर वर्षे झाल्याच्या कार्यक्रमात, डेव्हनशरच्या तत्कालीन ड्यूकने आपल्या आजोबांच्या काळी झालेल्या वागणुकीबद्दल जाहीरपणे माफी मागितली. हा इतिहास आईवडिलांना जरूर सांगा, कारण समोर दिसणारे ओसाड पठार लोकांनी तुरुंगवास पत्करून खुले करून घेतले आहे, हे कळले की तिथे चालणाऱ्याची वागणूक आपोआप बदलते.

मात्र हा हक्क पायी चालण्याचा आहे, एवढे नीट लक्षात ठेवावे. धावणे, पक्षी पाहणे, बसून जेवणे आणि प्रस्तरारोहण हे सारे त्यात येते. सायकल, घोडा, तंबू, वाहन, विस्तव, ओढ्यात किंवा तलावात पोहणे, धातुशोधक यंत्र वापरणे, रोपे उपटणे, संघटित खेळ आणि पैसे घेऊन चालवलेला कोणताही उपक्रम त्यात येत नाही. जमिनीच्या मालकाने वेगळी परवानगी दिली असेल किंवा तिथे तसा दुसरा हक्क आधीपासून असेल, तरच यांतले काही करता येते. इथली मराठी मंडळे उन्हाळी सहलीत क्रिकेटचा सामना ठेवतात. तो सामना मूरवर नको, गावातल्या मैदानावर ठेवावा. शुल्क आकारून सहल नेत असाल तर मालकाची परवानगी आधी घ्यावी. या अटी मोडल्या तर तुमचा तिथे असण्याचा हक्क त्या क्षणी संपतो आणि त्याच मालकाच्या जमिनीवर पुढचे ७२ तास तुम्हाला परत जाता येत नाही.

हक्काची जमीन ओळखायची कशी? ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशासंस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर ती फिकट पिवळ्या रंगात आणि कडेला तपकिरी-नारिंगी छटेने दाखवलेली असते. किंडर आणि जवळच्याच ब्लीकलो पठारासाठी ‘डार्क पीक’चा ओएल १ हा नकाशा घ्यावा. प्रत्यक्ष जागेवर फाटकाजवळ गोल तपकिरी चिन्ह असते आणि त्यात टेकडीवर चालणारा माणूस दिसतो. त्याच चिन्हावर तिरपी रेघ असेल तर हक्काची हद्द तिथे संपते. पिवळ्या रंगाच्या आतही घराभोवतीची वीस मीटर जागा, नांगरलेली शेते, खाणी आणि रेल्वे यांवर हा हक्क चालत नाही. सार्वजनिक पायवाटा ही याहून जुनी आणि वेगळी गोष्ट आहे: त्या खुल्या जमिनीबाहेरही असतात, त्यांवरचा हक्क बाराही महिने टिकतो, आणि मूर काही कारणाने बंद असले तरी त्या सहसा चालू असतात.

मूर बंद असू शकते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मालकाला किंवा कुळाला वर्षातून जास्तीत जास्त २८ दिवस आपल्या मर्जीने प्रवेश थांबवता येतो; बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) मात्र नाही, आणि शनिवार-रविवार मिळून चारपेक्षा अधिक दिवसही नाही. याखेरीज वणव्याचा धोका, पक्ष्यांचे संरक्षण किंवा जमिनीवरची कामे यांसाठी नॅचरल इंग्लंड ही निसर्गसंरक्षणाची सरकारी संस्था किंवा उद्यानाचे प्राधिकरण वेगळी बंदी घालू शकते. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री नॅचरल इंग्लंडच्या संकेतस्थळावर त्या भागाचा नकाशा उघडून बघावा. मी प्रत्येक वेळी बघतो.

आता मुख्य विषय, कुत्र्याचा. कायदा सांगतो की १ मार्च ते ३१ जुलै या काळात खुल्या जमिनीवर कुत्रा आखूड लीशवर असलाच पाहिजे, आणि आजूबाजूला मेंढ्या किंवा गुरे असतील तर वर्षभर. आखूड लीश म्हणजे ठरावीक लांबीची आणि दोन मीटरपेक्षा जास्त नसलेली. बटण दाबले की पाच किंवा आठ मीटर सुटणारी लीश त्यात बसत नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही. त्याशिवाय, ग्राउजच्या शिकारीसाठी राखलेल्या मूरवर मालक पाच वर्षांपर्यंत कुत्र्यांना पूर्ण बंदी घालू शकतो. तिथे तुम्ही जाऊ शकता, पण तुमचा कुत्रा फक्त सार्वजनिक वाटेवरून जाऊ शकतो. मेंढ्यांच्या विणीसाठी वापरलेल्या लहान कुंपणबंद शेतांतही वर्षातून एकदा सहा आठवड्यांपर्यंत अशी बंदी असू शकते. अंध व्यक्तींच्या मार्गदर्शक कुत्र्यांना आणि अपंग व्यक्तींच्या मदतनीस कुत्र्यांना या बंद्या लागू होत नाहीत.

सार्वजनिक पायवाटेवर मात्र लीशची सरसकट सक्ती नाही, कुत्रा ‘निकट ताब्यात’ असावा एवढेच अपेक्षित आहे. बरेच जण इथेच अडखळतात. निकट ताबा म्हणजे कुत्रा सतत नजरेसमोर असणे, काय करतो आहे ते तुम्हाला कळत असणे आणि पहिल्याच हाकेला तो परत येणे. तिसऱ्या हाकेला येणारा कुत्रा घरी कितीही गुणी असला तरी इथे ताब्यात धरला जात नाही. शिवाय मूरवरची वाट जेमतेम एका माणसाच्या रुंदीची असते. त्या वाटेवरून कुत्रा चार पावले हेदरच्या बुटक्या झुडपांत शिरला की तो वाटेवर राहिलेला नसतो आणि खुल्या जमिनीचा लीशचा नियम त्याला लागू होतो. तुमचा कुत्रा स्पॅनियल आहे. झुडपात नाक खुपसून पक्षी उठवण्यासाठीच ही जात पिढ्यान्‌पिढ्या घडवली गेली, त्यामुळे त्याच्याकडून वाटेवरच राहण्याची अपेक्षा करणे हे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. तुमच्या बाबतीत माझा सल्ला स्पष्ट आहे: मे महिन्यात मोटारीतून उतरल्यापासून परत मोटारीत बसेपर्यंत लीश हातातून सोडू नये.

यामागचे कारण जमिनीवर आहे आणि ते दिसत नाही. मूरवर झाडे जवळजवळ नाहीत, म्हणून कर्ल्यू, गोल्डन प्लव्हर, चंडोल, पिपिट आणि ग्राउज हे सारे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. आपल्याकडच्या टिटवीची सवय माहीत असेल तर हे पटकन लक्षात येईल. तिचीच जातभाई असलेली लॅपविंग इथे मूरच्या कडेच्या कुरणांत अशाच उघड्या जागी अंडी घालते. कर्ल्यूचे घरटे म्हणजे गवतातला एक उथळ खळगा, त्यात साधारणपणे चार अंडी, शेवाळी रंगावर तपकिरी ठिपके असलेली. अंडी सुमारे चार आठवडे उबवावी लागतात. पिल्ले बाहेर येताच घरटे सोडून चालू लागतात, पण त्यांना उडता यायला आणखी पाचेक आठवडे जातात. एप्रिलच्या अखेरीस अंडी घातलेल्या जोडीची पिल्ले त्यामुळे जूनच्या अखेरपर्यंत किंवा जुलैपर्यंत जमिनीवरच असतात. धोका दिसला की पिल्लू जागच्या जागी निपचित बसते. ही युक्ती घारीच्या आणि माणसाच्या डोळ्यांना फसवते, कुत्र्याच्या नाकाला फसवत नाही.

आणि कुत्र्याने काही तोंडात धरलेच पाहिजे असेही नाही. तो वीस-तीस पावलांवरून धावत गेला तरी पक्षी उठतो, डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहतो, आणि तेवढ्या वेळात इथल्या थंड वाऱ्यात अंडी गार पडतात किंवा कावळ्याच्या नजरेस येतात. कुत्र्याचा मालक समाधानाने पुढे निघून जातो, कारण त्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. त्याच वाटेने दिवसभरात अशी अनेक कुत्री गेली तर त्या जोडीचा तो हंगाम वाया जातो. ब्रिटनमध्ये प्रजनन करणाऱ्या कर्ल्यूंची संख्या १९९० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ निम्म्यावर आली आहे. त्याची कारणे अनेक आहेत आणि सगळा दोष कुत्र्यांचा नाही, पण आपल्या हातातले कारण तेवढेच आहे. कोणताही पक्षी तुमच्याभोवती ओरडत फिरू लागला, किंवा पंख मोडल्यासारखा पुढे पुढे फरफटत जाऊ लागला, तर थांबून शोधाशोध करू नये. आल्या वाटेने किंवा वाटेवरून सरळ पुढे शांतपणे निघून जावे.

एप्रिलपासून मूरच्या कडेला कोकरेही असतात. इथल्या मेंढ्या कुंपणाशिवाय राहतात. आपला डोंगराचा तुकडा कोणता हे कोकरू आईच्या मागे फिरून शिकते आणि मोठे झाल्यावर आपल्या कोकराला शिकवते. कुत्र्याने पाठलाग केला तर आई आणि कोकरू वेगळी होतात, आणि गाभण मेंढी नुसत्या धावपळीनेही गाभ टाकू शकते, मग कुत्र्याचा दात लागलेला असो वा नसो. १९५३ च्या कायद्यानुसार शेतजमिनीवर कुत्र्याने जनावरांना त्रास देणे हा मालकाचा गुन्हा आहे, आणि मेंढ्या असलेल्या बंदिस्त शेतात कुत्रा लीशवर किंवा निकट ताब्यात नसणे एवढेही त्यासाठी पुरेसे आहे. दुसरा कोणताच उपाय उरला नसेल तर जनावरे वाचवण्यासाठी शेतकरी कुत्र्याला गोळी घालू शकतो आणि ४८ तासांत पोलिसांना कळवले तर दिवाणी दाव्यात त्याला कायद्याचे संरक्षण मिळते. हे वाचायला कठोर वाटेल, पण ज्याने पहाटे उठून फाटलेल्या मेंढ्या गोळा केल्या आहेत त्याच्याशी बोलल्यावर मला त्यात अन्याय दिसत नाही.

गाईंच्या बाबतीत मात्र नियम उलटा आहे आणि तो पाठ करून ठेवावा. वासरे असलेल्या गाई कुत्र्याला घाबरून अंगावर येऊ शकतात. शक्य असेल तर लांबून वळसा घ्यावा, आई आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये, आणि गाई खरोखरच धावून आल्या तर लीश हातातून सोडून द्यावी. त्यांचा राग कुत्र्यावर असतो आणि कुत्रा त्यांच्यापेक्षा वेगाने पळू शकतो. त्याला उचलून छातीशी धरणे हा सहज येणारा, पण जीवघेणा प्रकार आहे.

कुत्र्याची विष्ठा पिशवीत भरून घरी किंवा कचरापेटीपर्यंत न्यावी. तिच्यातून पसरणाऱ्या निओस्पोरा नावाच्या परजीवीमुळे गाईंचा गर्भपात होतो, त्यामुळे ‘इथे कोण बघतंय’ हा विचार इथे चालत नाही. भरलेली पिशवी कुंपणाला टांगून ‘परत येताना घेऊ’ म्हणणारे बहुधा दुसऱ्या वाटेने परततात. मानेवर पिसवा-गोचिडांचे औषध नुकतेच टाकले असेल तर कुत्र्याला ओढ्यात उतरू देऊ नये, कारण ती औषधे पाण्यातल्या किड्यांना मारतात. संध्याकाळी मात्र कुत्र्याचे कान, बगला आणि बोटांमधली जागा, आणि स्वतःच्या गुडघ्यांमागची जागा गोचिडांसाठी तपासावी. इथल्या गोचिडांमुळे लाइम हा आजार होऊ शकतो. चावल्या जागेभोवती लाल वर्तुळ पसरू लागले तर डॉक्टरांकडे जाण्यात उशीर करू नये.

आता बार्बेक्यूबद्दल. सह्याद्रीत चूल मांडून पिठले टाकण्याची हौस आपल्या अंगात मुरलेली आहे, हे मला समजते. इथली जमीन वेगळी आहे. मूरखाली पीट असते, म्हणजे हजारो वर्षे पाण्यात न कुजता साचलेल्या शेवाळाचा आणि वनस्पतींचा थर, जो वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो आणि किंडर-ब्लीकलोवर काही ठिकाणी तीन-चार मीटर जाड आहे. तो वाळला की सरपणासारखा पेटतो, आणि पेटला की जमिनीखाली धुमसत राहतो. वरची ज्वाला विझवून अग्निशामक दल परतल्यानंतरही आग काही पावलांवर पुन्हा डोके काढते. जून २०१८ मध्ये सॅडलवर्थ मूर पेटले तेव्हा घरे रिकामी करावी लागली आणि लष्कराला बोलवावे लागले. एकदा वापरून फेकायच्या बार्बेक्यूचा ॲल्युमिनियमचा ट्रे गवतावर ठेवला तर त्याची उष्णता थेट खालच्या थरात उतरते. कायद्यात विस्तव पेटवणेच नव्हे, तर आग लागण्याची शक्यता असलेली कोणतीही कृतीही हक्काबाहेर ठेवली आहे, म्हणून गॅसची लहान शेगडीही नको. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात थेपले न्यावेत. सिगारेट ओढणाऱ्या पाहुण्याला हे आधीच सांगावे.

पीट ओले असतानाही नाजूकच असते. औद्योगिक क्रांतीपासून मँचेस्टर-शेफील्डच्या धुरातील आम्लाने इथले स्फॅग्नम शेवाळ मोठ्या प्रमाणावर मेले, मग उघडे पडलेले पीट पावसाने वाहून जाऊ लागले आणि पठारावर काळ्या घळी पडल्या. २००३ पासून ‘मूर्स फॉर द फ्यूचर’ ही भागीदारी त्या घळींना बांध घालते आणि स्फॅग्नमची लागवड करते. कुठे दगडांचे किंवा लाकडाचे छोटे बांध दिसले तर त्यांवरून उड्या मारत जाऊ नये. वाट सोडून चालण्याचा हक्क असला तरी चिखलात वाट रुंद करत बाजूबाजूने चालणे सर्वांत वाईट. त्यापेक्षा बूट भरू द्यावेत आणि मधूनच जावे. पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर काही मैल फरशा टाकल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येक पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीवरच्या आहेत. काहींवर यंत्रे बसवण्यासाठी पाडलेली भोकेही दिसतात. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस बंद झाला तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा कापूस लँकशरच्या गिरण्यांत येत होता, तेव्हा तुमचे वडील जर त्या भागातले असतील तर त्यांना ती भोके जरूर दाखवा.

तंबूबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण मुले मोठी झाली की तो प्रश्न येईल. पीक डिस्ट्रिक्टच्या मूरवर मालकाच्या परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही. नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या सामाईक जमिनीवर १९८५ च्या वेगळ्या कायद्याने पाठीवरच्या सामानासह मुक्काम करता येतो आणि मे २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क कायम ठेवला. तिथे लष्करी सरावाचे लाल झेंडे मात्र पाहावे लागतात. स्कॉटलंडमध्ये २००३ चा कायदा याहून खूप उदार आहे, सायकल आणि तंबू दोन्ही चालतात, पण जबाबदारीने वागण्याची अट तितकीच कडक आहे.

तुमच्या बेतासाठी मी किंडर सुचवणार नाही. वयस्कर माणसांना तो चढ आणि वरचे धुके दोन्ही नकोत. अपर बर्बेज पुलापासून लाँगशॉकडे जाणारी रुंद, जवळजवळ सपाट वाट घ्यावी. तिथून मूरही दिसते, खडकांचे कडेही दिसतात आणि लाँगशॉला चहाची सोय आहे. मोटार नको असेल तर मँचेस्टर-शेफील्ड मार्गावर ग्राइंडलफर्ड स्थानक आहे आणि रेल्वेत कुत्र्याचे तिकीट लागत नाही. मात्र स्थानकापासून लाँगशॉपर्यंत थोडी चढण आहे, ती आईवडिलांना आधीच सांगून ठेवावी. मे महिन्यातही वर वारा बोचरा असतो, म्हणून दोघांसाठी वाऱ्या-पावसाची जाकिटे आणि पकड असलेले बूट घ्यावेत. साडीवर आणि चपलांवर कोणालाही नेऊ नये. फोनला रेंज नसेल असे धरून कागदी नकाशा आणि शिट्टी जवळ ठेवावी. कोणाला दुखापत झालीच तर ९९९ वर आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागावे. कमकुवत रेंजमध्ये एसएमएसने मदत मागता यावी म्हणून घरूनच ९९९ या क्रमांकावर ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द पाठवून फोनची नोंदणी करून घ्यावी. ऐन वेळी ते सुचत नाही.